सिलिंडरची घंटा

मागे दोनशे किलो बर्फ, बर्फात ट्यूना मासे,
खिशातल्या फोनमध्ये हॉटेलचा मॅनेजर.
सावाई बेटाच्या किनारी रस्त्यानं मी व्हॅन हाणत होतो,
एका हातात उकडलेला तारो, दुसरा हात हॉर्नवर,
आणि स्टिअरिंग गुडघ्यानं.
खोटं नाही सांगत, गुडघ्यानं.

फालेउताचं वळण संपलं आणि घंटा झाली.
घंटा म्हणजे नीरफणसाच्या फांदीला टांगलेलं
रिकामं गॅस सिलिंडर,
त्यावर लोखंडी कांब.
टण्ण. आणि मग बराच वेळ नुसता तिचा कंप.

रस्त्याच्या दोन्ही कडांना गावची तरणी पोरं येऊन उभी राहिली,
निळे लावालावा, पांढरे सदरे, पाय अनवाणी.
त्यातल्या एकानं हात वर केला.
वय असेल सोळा. मिशी अजून ठरत होती.
"सा सुरू झालाय, काका. प्रार्थनेची वेळ."
"मासे आहेत रे! बर्फ वितळेल!"
तो माझ्याकडे असा बघत राहिला
जणू बर्फानं याशिवाय दुसरं काय करायचं असतं.

इंजिन बंद केलं.
किती दिवसांनी ऐकली
इंजिन बंद झाल्यावरची टिकटिक,
तापलेलं लोखंड हळूहळू स्वतःकडे परतताना.
मागून पाण्याचा थेंब. पुन्हा थेंब.
मी मोजू लागलो, प्रत्येक थेंबाचे पैसे.
चाळीसपर्यंत मोजले असतील.

शेजारच्या घराला आमच्या सगळ्या जुन्या घरांसारख्या भिंती नव्हत्या,
नुसते खांब आणि छप्पर.
म्हणून मला दिसत होतं सगळं :
चटया, कंदील, मांडी घातलेली नऊ माणसं,
आणि गाणं, ज्याला कुणी सुरुवात केली कळलं नाही,
जे आधीपासून चालूच होतं
आणि ही माणसं फक्त त्यात उतरली.

मग बाप बोलू लागला देवाशी.
सावकाश. मध्येच थांबून, आठवून.
छपरासाठी आभार. सिनाच्या दाताचं दुखणं थांबव.
परवा पळालेली डुकरीण परत आली, त्याबद्दल तर विशेष आभार.
"आणि प्रभू, रस्त्यावर जो थांबलाय,
त्याला घाई आहे. त्याला पोचव."
छोटीनं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं,
आणि पटकन मिटला.

माझ्यासाठी शेवटची प्रार्थना कोणी केली होती?
आई गेली त्याला सहा वर्षं.
मी स्वतः करतो ती म्हणजे मिस्ड कॉल :
वाजवायचं, आणि त्यानं उचलायच्या आत ठेवायचं.

त्या संध्याकाळी मी ठेवलं नाही.
बोललोही नाही काही.
गुडघे मात्र स्टिअरिंगवरून निघाले
आणि दुसऱ्या एका कामाची त्यांना आठवण झाली.
व्हॅनमध्ये जागा नव्हती, तसंच अवघडून, ब्रेकच्या पायदांड्याशी.
बाहेर समुद्र काळा होत गेला.
खिशात फोन थरथरला, थकला, गप्प झाला.
माशांचा वास, तेलाचा वास,
आणि कुठल्यातरी चुलीवर नारळाच्या दुधाचा.

दुसरी घंटा झाली.
पोरानं हात खाली केला, हसला,
आणि खिडकीतून केळीच्या पानातला गरम तारो आत सरकवला.

मॅनेजर बोलला, बोलायचं ते सगळं बोलला.
वीस मिनिटं उशीर. तीन मासे नरम.
पगारातून कापून घेतले.

हे झालं लेंटच्या सुरुवातीला.
आता ईस्टर होऊन गेला.
मी बर्फ जास्त भरतो, दुपारी थोडा आधी निघतो.
वाटेत कुणी हात केला तरी थांबत नाही,
वळणं कापतो, कोंबड्या उडवतो, शिव्या खातो.
लोक म्हणतात, फेतुआओ काही सुधारायचा नाही.

त्यांना काय सांगू?
ते सिलिंडर वाजायच्या आत
मला फालेउता गाठायचं असतं,
त्या पोरानं हात वर करावा
आणि मी अडावं म्हणून.